पुण्यात घरी धनुष्य बनवण्यासाठी कोणतं बँडसॉ मशीन घ्यावं, १० इंची की १४ इंची? आणि त्याचं सेटिंग कसं करायचं?

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत, आणि १० किंवा १४ इंच हा तिच्या चाकाचा व्यास. अखंड लाकडाचं धनुष्य करणार असाल तर १० इंची पुरतं. पट्ट्या चिकटवून करणार असाल, म्हणजे ठोकळा उभा चिरून ३-४ मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या असतील, तर १४ इंची घ्या. एवढं लिहून थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नाखाली आणखी एक ओळ टाकली आहे: "एकांनी सांगितलं की आपल्याकडच्या लाकडाचं धनुष्य टिकत नाही, मशीन कोणतंही घ्या, मोडायचं ते मोडतंच." हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की त्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी भोसरीला एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये नोकरी केली. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने तिथे बनतात. नमुन्यात चूक राहिली की ती प्रत्येक ओतीव भागात उतरते, म्हणून तिथे बँडसॉवर उभं राहणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं जातं: वरची रेघ बरोबर कापली म्हणजे काम झालं असं नाही, खाली काय झालं ते बघ. धनुष्याच्या बाबतीत हेच शंभर टक्के लागू आहे.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही वैयक्तिक विश्वविजेते झाले आणि आमच्या भाच्याच्या डोक्यात तिरंदाजी शिरली. ते दोघं कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्यावर खेळतात, ते काही घरी बनवायचं काम नाही. भाच्याला साधं लाकडीच हवं होतं आणि तेही वडिलांबरोबर बसून केलेलं. आमच्या दाजींनी हौसेने नवं १० इंची मशीन घेतलं, वारज्याला बंगल्याच्या मागच्या खोलीत बसवलं. लाकूड मी दिलं. मुळशीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालकीतलं, रीतसर परवानगीने तोडलेलं धामणीचं सरळ खोड होतं. पाचर मारून मी ते मधोमध फोडलं होतं, टोकांना फेव्हिकॉल फासून सावलीत वाळवलं होतं. एक फाक दाजींना दिली, दुसरी माझ्या माळ्यावर राहिली.

धामण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सह्याद्रीच्या जंगलात होणारं हे झाड. कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या याच्याच करायचे, कारण ते लवतं आणि वजन उतरलं की पुन्हा सरळ होतं. डोंगराळ भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या धामणीची धनुष्यं करत आलेत. धनुष्याला याहून वेगळं काय लागतं?

दाजींचं धनुष्य टिलर करताना, म्हणजे दोरी ओढून बघत दोन्ही बाहू (मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग) सारखे वाकतील असं लाकूड काढताना, मोडलं. दोरी जेमतेम २० इंच ओढली होती. संध्याकाळी ताईकडे जेवायला गेलो तर दाजींनी ताटावरच जाहीर केलं, "लाकूड कुचकामी होतं. यापुढे बाहेरून हिकरी मागवणार." भाचा मान खाली घालून बसला होता. मी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत गेलो, मोडलेला बाहू उचलला आणि जिथे तुटला होता त्याच्या शेजारी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. एका कडेला १२ मिलिमीटर. दुसऱ्या कडेला ९.

जाडीचा हिशेब साधा आहे. बाहूचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. ९ आणि १२ चं गणित करून बघा, ९ ची कड १२ च्या कडेच्या निम्म्यापेक्षाही मऊ निघते. मग ओढताना बाहू एका अंगाला पिळतो, सगळा वाक त्या एका जागी गोळा होतो आणि लाकूड तिथेच फाटतं. हिकरी किंवा ऑसेज ही धनुष्यासाठी नावाजलेली अमेरिकन लाकडं असती तरी फाटली असती.

आता ३ मिलिमीटरचा फरक आला कुठून? बाहूची जाडी काढताना लाकूड आडवं, कुशीवर ठेवून कापतात. रेघ वरच्या कुशीवर असते. दाजींनी रेघ अगदी छान पाळली होती, वरच्या बाजूला पेन्सिलीची रेघ अर्धी शिल्लक दिसत होती. पण रुंदी ४० मिलिमीटर, आणि टेबल पात्याशी काटकोनात नव्हतं. त्यामुळे पातं खाली निघेपर्यंत ३ मिलिमीटर आत गेलं. शिवाय त्यांनी थेट शेवटच्या मापाच्या रेघेवर कापलं होतं, कानसीने भरून काढायला लाकूडच उरलं नव्हतं.

मी त्याच वेळी त्यांना तपासणी करून दाखवली. ती तुम्हीही मशीन आणल्या दिवशी करा. एक चौरस ठोकळा घ्या, निदान ३ इंच उंच. समोरून पात्यात अर्धा इंच घाला, मशीन बंद करा. मग ठोकळा टेबलावरच सपाट फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्या. वरचं तोंड वरच राहिलं पाहिजे. पात्याची पाठ त्याच फटीत अलगद शिरली तर टेबल काटकोनात आहे. तिरकं असेल तर चूक दुप्पट होऊन दिसते. दाजींच्या मशीनवर पाठ फटीच्या तोंडाशीच अडली. टेबलाखालचा थांब्याचा स्क्रू कारखान्यातून आला तसाच होता, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. गुण्या लावून तो बसवायला एक पाना आणि थोडा वेळ लागतो.

नंतरच्या रविवारी माळ्यावरची फाक घेऊन मी वारज्याला गेलो आणि ते मशीन पहिल्यापासून लावलं. क्रम असा, आणि तो बदलू नका. प्लग काढला. पात्याला दोन्ही बाजूंनी सावरणारे सगळे गाइड आणि मागून आधार देणारं थ्रस्ट बेअरिंग पात्यापासून लांब केले. चाकांच्या रबरी टायरवर भुसा बसला होता तो खरवडून काढला, कारण त्या थरावर पातं उड्या मारतं. मशीनबरोबर आलेलं पातं फेकून दिलं. बोहरी आळीतून ३ सुताचं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला ४ दातांचं नवं पातं नेलं होतं, ते चढवलं. टेन्शन देताना मशीनवरचा काटा बघू नका, छोट्या मशीनवर त्याचा भरवसा नसतो. मोकळ्या पात्याला मधोमध बोटाने बाजूने दाबा, ५-६ मिलिमीटरच्या वर हललं तर ढिलं आहे. मग वरचं चाक हाताने फिरवत ट्रॅकिंग केलं. दातांमधल्या खाचेचा तळ चाकाच्या मध्यावर येईपर्यंत नॉब थोडा थोडा फिरवत राहायचा. त्यानंतर टेबल. टेबल झाल्यावर गाइड: दोन्ही बाजूंना वहीच्या कागदाएवढी फट, आणि गाइडची पुढची कड खाचांच्या किंचित मागे, नाहीतर दातांची धार गाइडवरच जाते. थ्रस्ट बेअरिंगलाही कागदाएवढीच फट. लाकूड नसताना ते बेअरिंग फिरत असेल तर चुकलं, लाकूड लावल्यावरच फिरलं पाहिजे. गाइडचा खांब लाकडाच्या वर २ सूत राहील इतका खाली आणला. वरचं झाकण लावून मग प्लग.

दाजी शेजारी उभे राहून सांगत होते, "बँडसॉला ड्रिफ्ट असतोच, फेन्स तिरकी करून घ्यावी लागते." हे त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं. ड्रिफ्ट म्हणजे कापताना पातं एका अंगाला ओढणं, आणि फेन्स म्हणजे लाकूड टेकवून सरळ ढकलायची टेबलावरची पट्टी. माझं मत ठाम आहे: पातं एका अंगाला ओढत असेल तर बहुतेक वेळा त्याची एका बाजूची धार गेलेली असते किंवा दातांचा सेट, म्हणजे बाजूंना दिलेला बाक, कमीजास्त असतो. पातं बदला, फेन्सला हात लावू नका. आणि अखंड लाकडाच्या धनुष्याला फेन्स वापरायचीच नसते. सालीखालचा पृष्ठभाग तीच धनुष्याची पाठ. त्यातला एकही तंतू तुटता कामा नये. ती पाठ झाडाच्या अंगाप्रमाणे खालीवर होते, मग फेन्सला टेकवून सरळ कसं कापणार? पाठीला बोट टेकवून, पेन्सिल पुढे काढून, पाठीच्या चढउताराप्रमाणे रेघ ओढायची आणि ती रेघ हाताने पाळायची.

मी रेघेच्या बाहेर ३ मिलिमीटर सोडून कापलं. ढकललं नाही, पात्याला जेवढं खाता येईल तेवढंच दिलं. भाच्याला पलीकडच्या टोकाला हात देऊन उभं केलं होतं. कापून झाल्यावर व्हर्नियर त्याच्याच हातात दिला. दोन्ही कडा सारख्या आल्या, कुठे अर्ध्या मिलिमीटरचा फरक. पुढचं कानस आणि स्क्रेपरचं काम त्याने केलं, टिलरवर मी बसलो. ते धनुष्य आज २८ इंच ओढलं जातं आणि दर आठवड्याला वापरात आहे.

दाजी अजूनही म्हणतात, "ती फाक चांगली निघाली असेल." एकाच खोडाच्या, पाचरीने मधोमध फोडलेल्या दोन फाका होत्या. मशीनही तेच. बदललं होतं पातं, टेबल आणि रेघेबाहेर सोडलेलं लाकूड. तरीही दोष धामणीचा म्हणणारा माणूस धामणीवर अन्याय करतो. दाजींनी मागवलेल्या एका हिकरीच्या फळीच्या पैशात टिंबर मार्केटमधून वर्षभर पुरेल एवढं सरावाचं लाकूड आलं असतं. ज्यांनी तुम्हाला ते वाक्य सांगितलं त्यांना मोडलेल्या तुकड्याच्या दोन्ही कडांची मापं विचारा.

बाकी तुमच्या प्रश्नातलं राहिलेलं. मुठीजवळच्या वळणांसाठी २ सुताचं, इंचाला ६ दातांचं वेगळं पातं ठेवा. रुंद पातं तिथे वळत नाही, जबरदस्ती केली की पिळतं आणि चाकावरून उतरतं. १४ इंचीवर पट्ट्या काढायला ४ सुताचं, ३ दातांचं पातं लावा आणि मोटर निदान १ एचपीची बघा. १० इंचीवर ४ सुताचं लावायचा मोह टाळा, त्याला पुरेसं टेन्शन देण्याइतकी ती चौकट मजबूत नसते, आणि लहान चाकावर जाड पातं लवकर तडकतं. पातं मागताना लांबी मशीनच्या पाटीवरची सांगा, अंदाजाने नाही. पाटी निघाली असेल तर दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर दुप्पट करा आणि त्यात एका चाकाचा परीघ मिळवा.

जुनं मशीन मिळालं तर नव्यापेक्षा मी तेच घेईन. एमआयडीसीतून निघालेली जुनी बिडाची मशीन जड असतात, थरथरत नाहीत. पण मोटर बहुधा थ्री फेज असते, घरच्या सिंगल फेजवर चालवायला व्हीएफडी लावावा लागेल, तो खर्च धरा. चाक हाताने फिरवून बघा, बेअरिंग खरखरतंय का आणि चाक डुगडुगतंय का. टायर बदलता येतात, वाकलेला शाफ्ट घेऊ नका.

हे आधी लिहायला हवं होतं: सालीसकट गोल लाकूड टेबलावर नुसतं ठेवून कधीही कापू नका. पातं ते फिरवतं आणि हात आत ओढला जातो. आधी कुऱ्हाडीने किंवा रंध्याने एक बाजू सपाट करा, नाहीतर फळीवर स्क्रूने पक्कं बसवून ती फळी ढकला. हातमोजे नकोत, लांब बाह्या नकोत. धामणीचा काय किंवा कुठल्याही लाकडाचा बारीक भुसा छातीत जाऊ देऊ नका, मास्क लावा. भाचा १४ वर्षांचा होता, त्याला मी पात्याच्या पुढे उभं केलं नाही, तुमच्याकडे मुलं असतील तर तुम्हीही करू नका. पावसाळ्यात टेबलाला मेण लावून ठेवा आणि काम झाल्यावर पात्याचं टेन्शन सैल करा. जून ते सप्टेंबर टिलरिंग मी करतच नाही, लाकूड ओल धरतं आणि वाक खोटा दिसतो.

आणि आकार ठरवण्याआधी जागा मोजा. घशाच्या, म्हणजे पातं आणि मशीनचा खांब यांच्यामधल्या जागेच्या, रुंदीची चिंता करू नका, धनुष्य पात्यातून लांबीने जातं. पण ६८ इंचांचं लाकूड कापायचं म्हणजे पात्याच्या पुढे ६ फूट आणि मागेही ६ फूट मोकळं लागतं. फ्लॅटच्या बाल्कनीत हे बसत नाही, बंद गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून बसतं. दोन्ही टोकांना टेबलाच्या उंचीचे घोडे ठेवा, नाहीतर लाकडाचं टोक खाली झुकून कापाची दिशा बिघडवतं. तुमच्या खोलीची लांबी-रुंदी आणि दार कुठल्या भिंतीला आहे ते लिहा, मशीन कुठे बसवायचं ते सांगतो.