सिस्टर पोटावर आवाज ऐकून नळी तपासतात, तेवढं पुरेसं आहे का?

तुमचं बाळ सात महिन्यांचं, नाकातून पोटात दूध द्यायची नळी ठेवूनच नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी होतेय. सिस्टर नळीत हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावतात आणि 'बरोबर आहे' म्हणतात. यावर विसंबावं का, की त्यांनाच नीट माहीत नाही, असं तुम्ही विचारलंय.

विसंबू नका. त्या सिस्टरला नावं ठेवायला मी हे सांगत नाही, मी स्वतः बारा वर्षं तेच केलं.

मी इथंच मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) नळी टाकायला शिकले ती मोठ्या माणसाच्या पुतळ्यावर. मुलांचं जे आलं ते नाइटला सीनियर सिस्टरचे हात बघून, आणि तिनं तिच्या सीनियरचे बघितलेले. थोडी हवा, गुडगुड आली, झालं. एकदा दीड वर्षाच्या पोरीची गुडगुड अगदी छान ऐकू आली. फीड सुरू केलं तर ती खोकायला लागली, दूध नाकातोंडातून बाहेर. सिरिंज खाली घेतली, तोंडात टॉर्च मारला, तर नळी जिभेमागं वेटोळं करून बसलेली! पोरगी सावरली, मी मात्र त्या रात्री जेवले नाही. एवढ्याशा अंगात हवा घशात सोडा की फुफ्फुसात, आवाज पोटावरही येतो.

आता फीडच्या आधी नळीतून जरासा रस ओढून पीएच पट्टीवर (आंबटपणा आकड्यात दाखवणारी कागदी पट्टी) टाकते. पोटातला रस आंबट, म्हणून आकडा कमी येतो. 5.5 किंवा त्याच्या खाली असेल तरच दूध. नुकतंच दूध दिलं असेल किंवा ॲसिडिटीचं औषध चालू असेल, तर नळी जागेवर असूनही आकडा वर जातो. रस निघालाच नाही तर बाळाला डाव्या कुशीवर घेऊन थोडं थांबायचं. तरी शंका राहिली तर दूध नाही, डॉक्टर आणि एक्स-रे. साध्या लिटमसवर (नुसता लाल-निळा रंग दाखवणारा कागद) जाऊ नका.

नळी किती आत घालायची, त्या मापाचंही तसंच. नाकापासून कान आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजायची सवय आहे, पण मुलांत ती नळी बरेचदा आखूड पडते. ते टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजायला हवं.

नाकाशी नळीवर पेनानं खूण करून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात घामानं चिकटपट्टी सुटते, नळी दोन बोटं बाहेर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. खूण हलली तर फीड थांबवा. दूध सिरिंजच्या दट्ट्यानं ढकलू नका, आपोआप उतरू द्या. बाळाचं डोकं उंच ठेवा, नंतरही अर्धा तास. खोकला, ओठ निळे, धाप लागली तर लगेच बंद करून दवाखाना गाठा.

सुट्टीआधी तीन-चार फीड तुम्ही स्वतःच्या हातानं द्या, सिस्टरनं नुसतं उभं राहायचं. लाजू नका बाप्पा, आम्हालाही कोणी विचारलं की बरंच वाटतं. पट्ट्या वॉर्डात नसतील तर मेडिकल चौकाकडे सर्जिकलच्या दुकानात विचारा. डबीचं झाकण घट्ट लावा आणि कूलरसमोर ठेवू नका, ओल लागली की पट्टी चुकीचा रंग दाखवते.