टॉन्सिल म्हणजे नेमकं काय? माझ्या 6 वर्षांच्या मुलाचे मोठे दिसतात, काढावेत का?

मोठे दिसतात एवढ्यावरून अजिबात काढू नका. या वयात ते मोठेच असतात, कारण त्यांचं काम तेव्हाच सगळ्यात जोरात चालतं. वयात येता येता आपोआप आटतात.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या या गाठींना खोल भेगा असतात. घशातले जंतू त्यात अडकतात, आतल्या लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी ते ओळखतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनायला लागतात. याच भेगांत कधी पांढरे, घाण वासाचे कण साठतात. तो पू नव्हे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, टूथपिकने कोरू नका.

नुसतं बघून ऑपरेशन ठरवण्याचा मला मनस्वी राग आहे. 1934 मध्ये न्यूयॉर्कमधल्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली 389 मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी 174 जणांचे काढायला सांगितले. बाकीची 215 दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, तिथे आणखी 99. राहिलेल्या 116 मधून पुन्हा 51! दर वेळी जवळपास निम्मी मुलं ऑपरेशनच्या यादीत. त्या सल्ल्याला काय अर्थ उरला?

म्हणून वही करा. वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरसाल 5, किंवा सलग तीन वर्षं दरसाल 3 वेळा घसा धरला, तर ऑपरेशनचा विचार करायचा. मोजताना घसादुखीसोबत 101 च्या वर ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा स्ट्रेप (घशाला त्रास देणारा एक जिवाणू) तपासणी पॉझिटिव्ह, यातलं एक तरी हवं. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर ते बहुधा विषाणूंचं. अँटिबायोटिक फुकट जाईल. स्ट्रेप निघाला आणि पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं, तर 10 दिवसांचा कोर्स पुरा करा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलं, तर जंतू उरू शकतात आणि संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांवर बेतू शकतं.

मात्र मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आकारालाही महत्त्व आहे. तिथे चालढकल नको. एकच बाजू सुजली, तोंड उघडेना, लाळ गळतेय, तर आत पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ऑपरेशन झालंच, तर जखमेवरचा पांढरा थर नेहमीचा असतो, पण साधारण 5 ते 10 दिवसांच्या दरम्यान ताजं रक्त दिसलं, तर थोडं असलं तरी थेट हॉस्पिटल.