वाचक विचारतात : मेंदू पडद्यावर शिकवावा का?

प्रश्न : मॅडम, मी धुळे जिल्ह्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवते. फॉर्मॅलिनमधले मेंदू हाताळून हाताळून झिजलेत, आतल्या रचना मुलांना दिसत नाहीत. थ्री-डी स्लायसर, म्हणजे स्कॅन उघडून त्यातल्या रचना थ्री-डीत दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरून पाहावं असं मनात आहे. विभागप्रमुख म्हणतात, "मुलं नुसती खेळत बसतील." लॅपटॉप साधेच, 8 जीबीचे. काय करू?

उत्तर : ताई, जरूर वापरा, आणि मुलांना खेळूही द्या. फक्त माउस स्वतःच्या हातात ठेवू नका. प्रोजेक्टरवर गरगर फिरणारा रंगीत मेंदू दाखवला की वर्ग खूश होतो आणि तोंडी परीक्षेत कॉडेट न्यूक्लियस (मेंदूच्या आतला, शेपटीसारखा वळलेला करड्या पेशींचा पुंजका) विचारला की खाली बघतो. तसल्या तमाशाचा मला मनापासून कंटाळा आहे.

स्लायसर फुकट आहे. बोस्टनचं ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या संशोधकांनी 1998 मध्ये ते सुरू केलं. एका डोक्याचा एमआरआय तुमच्या लॅपटॉपवर आरामात उघडेल. 'सॅम्पल डेटा'मध्ये डोक्याचा एक एमआरआय मिळतो. तो एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी तास बुडणार नाही.

एका लॅपटॉपवर तीन-चार मुलं बसवा. शिफ्ट दाबून माउस फिरवला की आडवा, उभा आणि बाजूचा असे तिन्ही काप एकाच बिंदूवर येतात. आधी एवढंच करू द्या. मग 'सेगमेंट एडिटर'मध्ये (स्लायसरमधला रचना रंगवायचा भाग) कॉडेट हाताने रंगवायला सांगा, एकेक काप पुढे सरकत. टी-वन चित्रात (एमआरआयचा एक प्रकार) पाणी काळं दिसतं, त्यामुळे लॅटरल व्हेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या, पुढच्या शिंगात फुगून आलेलं कॉडेटचं डोकं लगेच सापडतं. शेपटीपाशी मुलं अडतात. एकाच आडव्या कापात कॉडेट दोनदा कसा, हा प्रश्न दरवर्षी येतो. रावेरचं वाकडं केळ घ्या, सुरीच्या एकाच घावात दोन्ही टोकांजवळून कापा; दोन चकत्या मिळतात, केळ मात्र एकच. रंगवून झालं की थ्री-डी बटण दाबा. कॉडेटचा तो वळसा त्यांच्या स्वतःच्या हातून तयार झालेला असतो, म्हणून लक्षात राहतो.

त्याच कापात इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे मज्जातंतूंचा पट्टा, शोधायला लावा. बाहेरून लेंटिफॉर्म, आतून पुढे कॉडेटचं डोकं, मागे थॅलॅमस (हे दोन्हीही करड्या पेशींचे पुंजके), मधली पांढरी पट्टी ती. मागच्या भागातून हातापायांच्या हालचालीचे तंतू खाली जातात. लकवा मारलेले पेशंट मुलांनी गावाकडे पाहिलेले असतात. उजव्या बाजूला एवढ्याशा जागेत रक्तपुरवठा तुटला तर डावं अंग का पडतं, हे त्यांना त्या पट्टीवर बोट ठेवून सांगू द्या.

आणि हो, झिजलेला मेंदू फेकू नका. त्याच पातळीवर कापलेला काप ट्रेमध्ये शेजारी हवाच. मेनिंजेसचे (मेंदूवरच्या आवरणांचे) थर आणि ब्रेनस्टेममधून (मेंदूच्या देठातून) निघणारे बारीक मज्जातंतू साध्या एमआरआयवर शिकवायला जाल तर फसाल. तिथे बोटं आणि चिमटाच.

पेशंटचे स्कॅन वापरायचे असतील तर रीतसर परवानगी घ्या, डायकॉम फाइलमधलं (स्कॅन ज्या स्वरूपात साठवतात ती फाइल) नाव, वय, नंबर काढा. नाव काढूनही भागत नाही. डोक्याचा एमआरआय थ्री-डीत उभा केला की नाक-डोळे-ओठ ओळखू येण्याइतके दिसतात. चेहरा पुसल्याशिवाय तो पेनड्राइव्ह मुलांच्या हाती देऊ नका.

प्रश्न : मॅडम, स्कॅनवर माझं डावं-उजवं नेहमी उलटं होतं. (एक विद्यार्थी, शहादा)

उत्तर : बेटा, आडवा काप आपण पेशंटच्या पायांकडून बघतो, म्हणून त्याची उजवी बाजू तुझ्या डावीकडे येते. खाटेच्या पायथ्याशी उभा आहेस असं समज. स्लायसरमध्ये 'ओरिएंटेशन मार्कर'ला माणसाची आकृती निवड. ती कोपऱ्यात दिसत राहते. परीक्षेत मात्र आकृती नसते, तेव्हा आधी फिल्मवरचं आर-एल अक्षर शोध, मग तोंड उघड.