बिअर 'आंबली' की 'उतरली'?

तासगावच्या एका वाचकाने विचारलंय: भाऊ परदेशात घरी बिअर करतो. फोनवर 'आंबली का?' म्हटलं की तो चिडतो, 'आंबली म्हणजे वाया गेली' म्हणतो. आणि 'किण्वन कुठवर आलं?' विचारायला जीभ वळत नाही. मधला काही शब्द आहे का?

आहे, आणि तो तुमच्या गावच्या दूध डेअरीत सकाळ-संध्याकाळ कानावर पडतो.

पण आधी भावाची तक्रार. पीठ आंबलं तर इडली, वरण आंबलं तर गटार. 'आंबणे' हे क्रियापद दोन्ही घरचं आहे. बहुतेक बिअरमध्ये आंबटपणा आला तर नको ते जंतू शिरल्याची शंका येते. तेव्हा 'आंबतेय' चालेल, 'आंबली' टाळा. 'किण्वन' पाठ्यपुस्तकात शोभतं, तिथेच राहू दे.

'फसफसणे' हा फार सुरेख शब्द, पण तो दिसण्या-ऐकण्याचा आहे. पिंपाच्या झाकणावरच्या एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी) बुडबुडे येतात, त्याला तो अगदी बसतो. मात्र फसफस थांबली म्हणजे काम झालं, असं नाही. झाकण नीट बसलं नसेल तर वायू कडेने निसटतो आणि एअरलॉक गप्प राहतो. उलट काम संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे येतात.

म्हणून मोजावं लागतं, आणि इथे डेअरी कामाला येते. दुधात बुडवतात तो लॅक्टोमीटर म्हणजे हायड्रोमीटरच, फक्त दुधापुरता आखलेला. त्यावर 28 दिसलं की आपण 'अठ्ठावीस डिग्री लागली' म्हणतो. खरा आकडा 1.028, म्हणजे पाण्याच्या मानाने द्रव किती जड. बिअरवालेही हेच मोजतात. साखर भरलेलं सातूचं पाणी सुरुवातीला 1.050 च्या आसपास असतं. यीस्ट साखर खात जातं, तसा आकडा 1.010 किंवा 1.012 पर्यंत येतो. आपल्या बोलीत, पन्नास डिग्रीची बिअर दहा-बारावर उतरली. 'उतरणे' मला इथे सगळ्यात चपखल वाटतं: किती उतरली, उतरतेय का, उतरायची थांबली का. (हा 'डिग्री' तापमानाचा नाही, हे एकदा भावाशी ठरवून घ्या. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. नमुना 35 अंशाचा असेल तर काटा चारेक डिग्रीने कमी दाखवतो, आणि बिअर आहे त्यापेक्षा जास्त उतरल्यासारखी वाटते.)

शून्यापर्यंत का उतरत नाही? माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूतल्या, काही साखरा यीस्टला पचत नाहीत. द्राक्षाच्या रसात तसं फारसं काही उरत नाही, आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून कोरडी वाइन 1.000 च्याही खाली जाते.

द्राक्षावरून आठवलं. तुम्ही तासगावचे, तेव्हा 'ब्रिक्स किती?', म्हणजे रसात साखर किती टक्के, हा प्रश्न तोंडात बसलेला असणार. सुरुवातीला तो चालतो, 1.050 म्हणजे साधारण 12 ब्रिक्स. पण बागेतला रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगणारं यंत्र) अल्कोहोल झाल्यावर फसवतो, साखर आहे त्याहून जास्त दाखवतो. आकडा दुरुस्त केल्याशिवाय धरू नये. बागेत ब्रिक्स चढायची वाट बघतात आणि इथे उतरायची, हाही घोळ आहेच. शब्द डेअरीचाच बरा.

त्यानंतरचं सोपं आहे: गाळ खाली बसून बिअर 'निवळते', आणि बाटलीत 'मुरते'.

आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे शब्द फोनपुरतेच. 'किती डिग्रीवर उतरली?' असं विचारा. 'दहावर' असं उत्तर आलं तर लगेच 'कधीपासून?' विचारा. दोन-तीन दिवस तोच आकडा असेल तर बाटल्या भरू दे. कालच बारा होती म्हणाला तर थांबव म्हणावं, बंद बाटलीत उतरत राहिली तर वायू साठून बाटली फुटू शकते.