२००८ च्या स्विफ्टमध्ये ब्ल्यूटूथ, नकाशा आणि मागचा कॅमेरा बसवायचा आहे, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २००८ ची स्विफ्ट, इंजिन ठणठणीत, २०२३ मध्ये आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतल्यामुळे २०२८ पर्यंत काळजी नाही. आत कंपनीचा सीडी प्लेअर, त्याला ना ऑक्स (बाहेरचा आवाज वायरने आत घेणारं भोक) ना यूएसबी. फोनवरची गाणी, हातात फोन न धरता बोलणं, नकाशा आणि जमलं तर मागचा कॅमेरा हवा आहे. दुकानदार दहा इंची अँड्रॉइड स्टीरिओ गळ्यात मारतोय आणि वायरिंगचा विचका होईल अशी तुम्हाला धाकधूक आहे.

धाकधूक रास्त आहे. घरच्या आणि नातेवाइकांच्या जुन्या गाड्यांची ही कामं मी हौसेने करतो, म्हणून आधी माझं मत सांगून टाकतो : गाडीत दुसरा कॉम्प्युटर बसवू नका. चांगला कॉम्प्युटर तुमच्या खिशात आहे, आणि तो तुम्ही तीन-चार वर्षांनी बदलताच. गाडीला हवा आहे तो फोनचं चित्र दाखवणारा पडदा, बरा मायक्रोफोन, बरे स्पीकर आणि नीट केलेलं वायरिंग. बजेटही त्याच हिशेबाने वाटा.

स्वस्तातला उपाय आधी बाजूला करतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर हजाराच्या आत-बाहेर मिळतो. फोनवरचं गाणं तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या मोकळ्या जागी प्रसारित करतो आणि तुमचा रेडिओ ते पकडतो. अडचण त्या ‘मोकळ्या जागी’चीच आहे. मुंबई-पुण्यात बँड भरलेला असतो, आणि पुण्यात मोकळी सापडलेली जागा कोल्हापुरात मोकळी असेलच असं नाही. आवाजातली वरची धारही जाते, कारण एफएम १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही पाठवतच नाही. बोलण्यासाठीचा माइक त्या डबीतच, गिअरजवळ असतो, त्यामुळे पलीकडच्याला तुमच्याआधी गिअरबॉक्स ऐकू येतो. गाडी वर्षभरात विकायची असेल तरच हा पर्याय.

ज्यांच्या गाडीत ऑक्सचं भोक आहे त्यांचं काम सोपं आहे. २००८ च्या शेवटी आलेल्या होंडा सिटीत तर कंपनीने सीडी प्लेअरच काढून टाकला होता आणि यूएसबी-ऑक्स दिलं होतं. अशा गाडीला एक छोटा ब्ल्यूटूथ रिसीव्हर पुरतो. तो गाडीच्याच चार्जरवर लावला की इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिटी स्पीकरमधून येऊ शकते. ती अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येते. ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि बहुतेक वेळा शिटी बंद करतो. कॅसेटवाल्या गाडीला कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर अजून मिळतो आणि आवाजात तो एफएम ट्रान्समीटरपेक्षा सरस असतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे स्टीरिओच बदलायचा.

आता मापं. स्टीरिओचं जुनं जर्मन माप, सिंगल डिन, म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. डबल डिन म्हणजे तितकीच रुंदी आणि १०० मिलिमीटर उंची. डबल डिनमध्ये पावणेसात-सात इंची स्क्रीन बसते. स्विफ्टमध्ये कंपनीचा सेट डॅशबोर्डच्या आकारात मिसळून टाकलेला असल्यामुळे तो काढला की वेडावाकडा खड्डा दिसतो. त्यासाठी त्या मॉडेलची तयार प्लास्टिक फ्रेम मिळते. मॉडेल आणि साल सांगूनच घ्या, आणि दुकानदाराने डॅशबोर्ड घासायला कानस काढली तर तिथेच थांबवा. फ्रेम चुकीची आहे. काढलेला जुना सेट दुकानात सोडू नका. गाडी विकताना तो परत बसवता येतो.

नऊ-दहा इंची स्क्रीन खड्ड्यात मावत नाही, ती बाहेर तरंगते. मग ती कुठे एसीच्या जाळीसमोर येते, कुठे हॅझार्डचं बटण झाकते, आणि दुपारच्या उन्हात चकाकते. शोरूममधल्या नव्या गाडीचा डॅशबोर्ड त्या स्क्रीनभोवती आखलेला असतो, तुमचा नाही.

दुकानदार ज्याला ‘अँड्रॉइड स्टीरिओ’ म्हणतो तो म्हणजे डॅशबोर्डमध्ये पुरलेला टॅबलेट. त्याला इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवरून द्यायचं, ॲप वेगळी टाकायची, अपडेट बहुधा कधीच येत नाहीत. एक-दोन जीबी रॅमवाले सेट पहिल्या वर्षी बरे चालतात, मग नकाशा आणि गाणी एकत्र लावली की घुटमळतात. स्वस्त सेटमध्ये ‘अबाउट’च्या पानावर लिहिलेली अँड्रॉइडची आवृत्ती आणि आतली खरी आवृत्ती वेगळी असण्याचे प्रकार सर्रास आहेत. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असला सेट किती तापतो हे दुकानाच्या एसीत कळत नाही.

त्याऐवजी ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालणारा सात इंची स्टीरिओ सेट घ्या. कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. दोन्हींत सगळं काम फोनच करतो आणि गाडीतल्या पडद्यावर मोठ्या बटणांचं चित्र पाठवतो. नकाशा फोनचा, गाणी फोनची, इंटरनेट फोनचं. सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवुड यांचे असे सेट येतात; साधारण पंधरा-वीस हजारांपासून सुरुवात होते, वायरलेस हवं असेल तर वर. वायरलेसमध्ये ब्ल्यूटूथ फक्त ओळख पटवतं, पुढचं चित्र-आवाज वायफायवर जातं. म्हणून फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. रोज अर्ध्या तासाच्या प्रवासाला वायरलेसची चैन छान, पण कोकणात जाताना शेवटी वायरच लावली जाते. तेव्हा तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे का, हे तुम्ही ठरवा.

एक घोळ इथेच निस्तरतो, कारण तो पुष्कळांचा होतो. ऑनलाइन दोन-चार हजारांत ‘वायरलेस कारप्ले अडॅप्टर’ दिसतो. ज्या गाडीत वायरचं कारप्ले आधीच आहे तिलाच तो वायरलेस करतो. तुमच्या सीडी प्लेअरला तो काही देऊ शकत नाही. डॅशबोर्डवर चिकटवायचे स्वतंत्र कारप्ले पडदेही मिळतात, पण त्यांचा आवाज ऑक्समधून किंवा पुन्हा एफएमवरूनच न्यायचा असतो. तुम्हाला ऑक्स नाही.

आता वायरिंग. माझं खरं सांगणं इथे आहे, कारण जुन्या गाड्यांची दुखणी स्टीरिओतून क्वचित आणि जोडांतून नेहमी निघतात.

स्टीरिओच्या मागे येणाऱ्या तारांत तीन महत्त्वाच्या. नव्या सेटच्या बाजूने पिवळी म्हणजे बॅटरीकडून कायम येणारे १२ व्होल्ट, सेटिंग आणि घड्याळ लक्षात ठेवायला. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावरच येणारा करंट. काळी म्हणजे अर्थ. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरच्या जोड्या. हे रंग बाजारातल्या सेटचे आहेत, तुमच्या गाडीच्या बाजूचे रंग वेगळे असणार. म्हणून रंग बघून नव्हे, मल्टिमीटर लावून जोडायचं. घाईतला कारागीर लाल आणि पिवळी एकत्र पिळतो. दोन्ही किल्लीवर गेल्या तर दर वेळी सेट कोरा होऊन उठतो. दोन्ही बॅटरीवर गेल्या तर सेट कधी झोपतच नाही आणि एका सकाळी गाडी उठत नाही.

म्हणून दुकानात पहिली अट : गाडीची मूळ वायर कापायची नाही. एका बाजूला सुझुकीचा कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला नव्या सेटचा, असा तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, काहीशे रुपयांत मिळतो. तो ‘संपलाय’ असं ऐकलं तर दुसऱ्या दुकानात जा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, पुण्यात गाडीच्या सामानाला नाना पेठ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या सामानाला तपकीर गल्ली. कॅमेऱ्याची वगैरे जी एखादी तार जोडावीच लागेल तिला सोल्डर आणि वर गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह हवी. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड दोन उन्हाळ्यांत सैल होतो. टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि उघडी तार डॅशबोर्डच्या लोखंडाला टेकायला मोकळी होते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह क्लँप काढायला सांगा. तुमच्या व्हेरियंटला एअरबॅग असतील तर पिवळ्या वेष्टणाच्या वायरी आणि पिवळे कपलर यांना कोणी हात लावायचा नाही. ती एअरबॅगची लाइन असते. काही गाड्यांचे मूळ सेट, होंडा आणि फोक्सवॅगनमध्ये विशेषतः, बॅटरी काढली की परत चालू होताना कोड मागतात. जुना सेट ठेवायचा असेल तर तो कोड आधी शोधून ठेवावा.

बसवून झाल्यावर एक तपासणी स्वतः करा. गाडी बंद, दारं बंद, किल्ली बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह क्लँप काढून टोक आणि क्लँप यांच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावून थोडा वेळ थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर निवांत. १०० असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवस उभी ठेवली तर दोन तृतीयांश रिकामी. ‘बॅटरी जुनी झाली, बदला’ या सल्ल्यामागे कित्येकदा हा आकडा असतो.

नव्या सेटवर रेडिओ खरखरतो अशी तक्रारही नेहमीची. टपावरच्या अँटेनाच्या बुडाशी पुष्कळ गाड्यांत छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला करंट निळ्या तारेने जातो. ती तार मोकळी सोडली की रेडिओ मरतो. गाणी फोनवरून येतात म्हणून कारागिराला त्याचं काही वाटत नाही. विविध भारती ऐकणाऱ्यांनी दुकानातच रेडिओ लावून बघावा.

खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेलं असतं. गाडीच्या १४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला हे सेट खरे वीसेक वॉटच स्वच्छ देऊ शकतात, मग नाव कोणाचंही असो. तेवढे गाडीत भरपूर होतात. तुमचे कागदी कोनचे स्पीकर गाडीइतकेच जुने आहेत, त्यांच्या कडा विरल्या असतील. पुढच्या दोन दारांत साधे, चांगले कोअक्सिअल (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर एकातच असलेले) स्पीकर टाका आणि दाराच्या पत्र्याच्या आत थरथर दाबणारी डॅम्पिंगची शीट लावून घ्या. मोठ्या स्क्रीनवर वाचवलेले पैसे इथे घालाल तर फरक कानाला पहिल्याच दिवशी कळेल. सबवूफरचा मोह मात्र आवरा, तो डिकी खातो.

माइक सेटमध्येच असला तरी सोबत वायरचा माइक येत असेल तर तोच वापरा आणि स्टिअरिंगच्या कॉलमवर किंवा सन व्हायझरजवळ लावा. एसीच्या झोतापासून लांब.

कॅमेऱ्याला करंट रिव्हर्सच्या दिव्यावरून मिळतो, म्हणून गिअर टाकला की चित्र येतं. स्विफ्टच्या मागच्या दारातून ती वायर नेताना मूळ रबरी नळीतूनच न्यायला लावा. फटीतून नेलेली वायर दार उघडून-मिटून तुटते, आणि पावसाळ्यात तिच्या कडेकडेने पाणी आत येतं.

कायद्याचं एवढंच : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये आलं, पहिल्या वेळी दंड एक ते पाच हजार. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत फोनवर नकाशातला रस्ता बघण्यापुरती मोकळीक आहे, तीही लक्ष विचलित न होण्याच्या अटीवर. गाडी चालताना व्हिडिओ दिसू नये म्हणून सेटला हँडब्रेकची एक तार असते. दुकानदार ती न विचारता सरळ अर्थला जोडून टाकतो. हँडब्रेकलाच जोडायला सांगा. विमा सर्वंकष असेल तर नवा सेट पॉलिसीत वेगळा दाखवावा लागतो, किमतीच्या चार टक्के जादा हप्ता पडतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर तो विषयच नाही.

पैसे देण्याआधी दुकानासमोरच पार्किंग लाइट, हेडलाइट, हॉर्न, वायपर, एसीचा पंखा एकेक लावून बघा आणि चारही स्पीकर फेडर (पुढे-मागे) आणि बॅलन्स (डावीकडे-उजवीकडे) फिरवून वेगळे ऐका. कोणालातरी फोन करा, शंभर मीटर गाडी चालवत बोला आणि त्याला विचारा, आवाज कसा येतोय. मग बिल मागा, छापील, सेटच्या सिरियल नंबरसकट.