मागे राहणाऱ्याचा हिशेब

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील अनुदानित शाळेतून मी 58 व्या वर्षी निवृत्त होत आहे. जुनी निवृत्तिवेतन योजना मला लागू आहे. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) मिळून सुमारे 34 लाख रुपये हाती येतील. गावातील पतसंस्था साडेदहा टक्के व्याज देते आणि तिचे संचालक ओळखीचे आहेत. सर्व रक्कम तेथे ठेवावी काय?

उत्तर : ठेवू नये. संचालकांची ओळख ही ठेवीची हमी नव्हे. बँक अडचणीत आली, मग ती नागरी सहकारी बँक का असेना, तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवींना ते मुळीच नाही. हा फरक आपल्याकडे अनेकांना पतसंस्थेला कुलूप लागल्यावरच कळतो.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची अट 60 वर्षांची असल्याने ती आपल्यासाठी नाही, असे आपल्याला कोणी सांगितले असेल. ते अर्धवट आहे. 55 ते 60 या वयात निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांच्या मर्यादेत, हे खाते उघडता येते. कमाल ठेव 30 लाख आहे. एप्रिल 2023 पासूनच्या 8.2 टक्के दराने तेवढ्या रकमेवर दर तिमाहीस 61,500 रुपये मिळतात आणि खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. पतसंस्थेच्या दरातील फरक वर्षाला 69,000 रुपयांचा होतो. एवढ्यासाठी आयुष्याची पुंजी पणाला लावायची काय, याचा विचार करावा. उरलेले चार लाख दवाखान्याच्या अडीअडचणीसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत, लगेच मोडता येतील अशा ठेवींत ठेवावेत.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या पत्रात नाही, ती म्हणजे आपल्या पत्नीचा हिशेब. पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, तर आपल्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन नेहमीच्या दराने त्याच वेतनाच्या 30 टक्के असते. म्हणजे मिळकत पाच भागांतून तीन भागांवर येते. घरातले एक माणूस गेले म्हणून वीजबिल, सोसायटीचा देखभाल खर्च किंवा औषधे त्या प्रमाणात उतरत नाहीत. म्हणून खाते पत्नीसह संयुक्त नावाने उघडावे; आपल्या पश्चात त्या ते तसेच पुढे चालू ठेवू शकतात. निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता वाढत राहतो, ठेवीचे व्याज मात्र वाढत नाही. महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. तेव्हा पहिली काही वर्षे घर निवृत्तिवेतनात चालवून व्याजाचा निम्मा तरी भाग पुन्हा गुंतवावा.

प्रश्न : मी 71 वर्षांची, डोंबिवलीत राहते. सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, "आई, आत्ताच बक्षीसपत्र करून दे, मुद्रांक फक्त 200 रुपये आहे, नंतर ताईची सहीसुद्धा लागणार नाही." काय करावे?

उत्तर : मुद्रांकाविषयी मुलगा खोटे बोलत नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे. नोंदणी शुल्क व स्थानिक अधिभार वेगळे. पण स्वस्त आहे म्हणून व्यवहार शहाणपणाचा ठरत नाही. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की त्या क्षणापासून घर आपले राहत नाही आणि मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 आहे खरे. मात्र आपला सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली असेल, तरच न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. अशी अट होती की नव्हती, यावरूनच प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. सत्तरीनंतर ती पायपीट कोणी करावी?

आपण मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात आणि आपण हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी आणि त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावेत आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणारे नसावे. मुलीचा वाटा किती, हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. सोसायटीत मुलाचे नामनिर्देशन असले तरी त्यामुळे तो मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद होते. मुलाला हे समजावताना कायद्यावर बोट ठेवावे, त्याच्या हेतूवर नको. (माझा अनुभव असा की, पुष्कळदा मागणी मुलाच्या तोंडून येते आणि घाई दुसऱ्याच कोणाची असते.)

प्रश्न : नाशिकहून एक 68 वर्षांचे वाचक विचारतात की आरोग्यविम्याचा हप्ता डोईजड झाला आहे, 70 वर्षांनंतर सरकारी योजना मिळणारच आहे, तर आताच पॉलिसी सोडून द्यावी का?

उत्तर : सोडू नये. आयुष्मान भारतचे 70 वर्षांवरील नागरिकांसाठीचे 5 लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळते हे खरे, पण ते कुटुंबातील पात्र ज्येष्ठांत मिळून आहे आणि योजनेतील रुग्णालयांपुरते आहे. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च विमा देत नाही ती सुरुवातीची मुदत, आपण भोगून संपवला आहे, तो नव्या पॉलिसीत पुन्हा सुरू होऊ शकतो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा झाल्यास जानेवारी 2025 पासून कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. वैयक्तिक पॉलिसीवरील वस्तू व सेवा करही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. तरीही झेपत नसेल तर विमा रक्कम कमी करून घ्यावी.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करते. पुण्यात बाबा सर्व व्यवहार एकटे पाहतात. आईला एटीएमसुद्धा वापरता येत नाही. मी त्यांच्याकडून मुखत्यारपत्र घेऊन ठेवू का?

उत्तर : घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, म्हणजे ज्या दिवशी आईंना त्याची सर्वाधिक गरज असेल त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरेल. वडिलांच्या एकट्याच्या नावावरील खात्यांत आईंचे नाव जोडून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' असा आदेश नोंदवावा आणि प्रत्येक ठेवीवर, लॉकरवर व म्युच्युअल फंडावर नामनिर्देशन तपासावे. ठेवी, पॉलिसी व निवृत्तिवेतनाचा तपशील एका वहीत वडिलांच्या हस्ताक्षरात असावा, मोबाइलमध्ये नको. तो फोन उघडण्याचा आकडा आईंना ठाऊक नसतो.

आणि पुढचे सहा महिने घरखर्चाचे पैसे बँकेतून आईंनीच काढावेत. वडिलांनी सोबत जरूर जावे, पण बाहेरच्या बाकावर बसावे.