कंपनी एवढं चांगलं काम करते, मग मला राग का येतो?

"मॅडम, मी फार स्वार्थी झालेय का?" खुर्चीत टेकता टेकताच तिने विचारलं. पस्तिशीतली, एका कंपनीच्या हिशेब विभागातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिच्या कंपनीने एका शाळेला संगणक दिले होते आणि दर शनिवारी कर्मचाऱ्यांनी तिथे शिकवायला जायचं होतं. कागदावर 'ऐच्छिक', पण न येणाऱ्यांची यादी सोमवारी मॅनेजरकडे जायची. त्याच सुमारास विभागातले दोघं नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागा भरल्या नाहीत आणि ते काम ही रात्री नऊपर्यंत बसून उपसत होती. एक दिवस कंपनीने टाकलेल्या फोटोत तिला मुलांसोबत हसणारी आपली छबी दिसली आणि तिला स्वतःचाच राग आला.

पहिल्या भेटीत माझं चुकलंच. मी तिच्या थकव्यावर बोलत बसले, रजा घ्या म्हणाले. तिने मान डोलावली आणि गेली.

दुसऱ्या वेळी विचारलं, "नोकरी लागली तेव्हा या उपक्रमांबद्दल काय वाटायचं?" ती हसली. दोन नोकऱ्यांतून तिने हीच निवडली होती, ती त्यांच्यामुळेच! यात नवल नाही. नव्या माणसाला कंपनी आतून माहीत नसते. ती परक्यांशी कशी वागते यावरून, आपल्याशी कशी वागेल याचा तो अंदाज बांधतो. ब्रॅमर, मिलिंग्टन आणि रेटन यांचा २००७ सालचा एका वित्तीय सेवा कंपनीतला अभ्यास आहे. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीबद्दल कर्मचाऱ्यांचं मत चांगलं असेल, तर त्यांची कंपनीशी बांधिलकीही जास्त दिसली आणि या बांधिलकीत त्या मताचा वाटा नोकरीतल्या समाधानाच्या वाट्याइतका तरी होताच.

पण हाच अंदाज उलटतो तेव्हा जास्त लागतो. बाहेर सढळ आणि आत हात आखडता असेल, तर कर्मचाऱ्यांना कंपनी ढोंगी वाटते, मन थकतं आणि नोकरी सोडण्याचा विचार बळावतो, असं २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं. तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

मग मी विचारलं, "यादी नाही, फोटो नाही, तर शनिवारी जाल?"

"जाईन की! एक मुलगी आहे, मागच्या आठवड्यात तिने स्वतः बेरजेचं सूत्र बसवलं..." ती त्या मुलीबद्दल पाच मिनिटं बोलत राहिली. माझ्या मते तिचा प्रश्न इथेच निम्मा सुटला. राग मुलांवर नव्हता, शिकवण्यावरही नव्हता.

मॅनेजरशी काय बोलायचं ते आम्ही लिहून काढलं. 'ढोंग' हा शब्द मी खोडायला लावला. तो ऐकला की समोरचा स्वतःचा बचाव करत बसतो आणि मागणी बाजूला राहते. मागण्या तीनच ठेवल्या: यादी बंद करा, शनिवारचे तास कामाचे धरा, रिकाम्या जागा कधी भरणार ते सांगा.

यादी बंद झाली. तासांबद्दल 'बघू' असं उत्तर आलं. जागांपैकी एक चार महिन्यांनी भरली.

शेवटच्या भेटीत तिने सांगितलं, महिन्यातून दोन शनिवार जाते, बाकीचे दोन झोपते. दुसरीकडे अर्जही करून ठेवलाय. "तिथे मुलाखतीत विचारणार आहे मी," ती म्हणाली, "शनिवारी कोण कोण येतं, आणि जे येत नाहीत त्यांचं काय होतं."